चषकांची गर्दी, साखळीचा दुष्काळ

१४ डिसेंबर २०२५ रोजी लिओनेल मेस्सी मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर आला, तेव्हा स्टेडियम तुडुंब भरले होते. सचिन तेंडुलकर यांनी त्याला आपला सदरा भेट दिला, राज्य शासनाच्या योजनेतून निवडलेल्या मुलामुलींना त्याच्या सान्निध्यात काही क्षण घालवता आले आणि हजारो माणसे घसा कोरडा होईपर्यंत त्याच्या नावाचा घोष करीत राहिली. आदल्याच दिवशी कोलकात्यात त्याचे धड दर्शनही झाले नाही म्हणून संतापलेल्या प्रेक्षकांनी खुर्च्या आणि बाटल्या मैदानात भिरकावल्या होत्या. त्या मानाने मुंबईचा समारंभ सुरळीत पार पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी विठ्ठलवाडीहून सुटलेल्या गाडीच्या डब्यात याखेरीज दुसरा विषय नव्हता.

मात्र एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आल्याचे दिसले नाही. जगातील सर्वश्रेष्ठ फुटबॉलपटूचे स्वागत आपण केले ते क्रिकेटच्या मैदानावर, आणि त्या दिवशी तेथे फुटबॉलचा असा एकही सामना झाला नाही की ज्याच्या निकालाला काही अर्थ होता. आपल्या फुटबॉलप्रेमाचे याहून नेमके चित्र काढता येणार नाही. आपल्याला खेळाडू हवा आहे. त्याला घडविणारी व्यवस्था कशी असते, हे जाणून घेण्याची उत्सुकता मात्र नाही.

मेस्सी रोसारिओ शहरातील ग्रांदोली नावाच्या मोहल्ल्यातील क्लबात चेंडू मारायला शिकला आणि पुढे त्याच शहरातील न्यूवेल्स ओल्ड बॉइज या क्लबाच्या बालसंघात गेला. प्रतिभा ही देणगी असेल. परंतु त्या प्रतिभेला आठवड्यामागून आठवडे, समान वयाच्या प्रतिस्पर्ध्यांसमोर, गुणतक्त्यात नोंदल्या जाणाऱ्या सामन्यांत उभे करणे ही देणगी नव्हे, ती व्यवस्था आहे. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला या व्यवस्थेचेच कुतूहल अधिक वाटते.

एकच वर्ष, दोन शहरे

इतिहासात एक विलक्षण योगायोग आहे. १८९१ साली ब्युनोस आयर्स शहरात इंग्रज आणि स्कॉटिश रहिवाशांनी फुटबॉलची पहिली लीग भरविली. त्याच १८९१ साली मुंबईत इंग्रजांनीच रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू केली. दोन्ही शहरे बंदरे होती, दोन्हींकडे ब्रिटिश भांडवल आणि ब्रिटिश रेल्वे होती, दोन्हींकडे हा खेळ एकाच बोटीने आला असे म्हटले तरी चालेल. मग पुढच्या शतकात एवढे अंतर कसे पडले?

अंतराची कारणे अनेक आहेत. ब्युनोस आयर्समधील इंग्रज हा स्थलांतरित होता, मुंबईतील इंग्रज हा राज्यकर्ता होता. तेथे इटली आणि स्पेनमधून आलेल्या कामगारांच्या मुलांनी पंधरा-वीस वर्षांत खेळ आपल्या हाती घेतला, येथे रोव्हर्सचा पहिला विजेता वूस्टरशर रेजिमेंटचा संघ होता आणि पहिला भारतीय विजेता म्हणून बंगलोर मुस्लिम्स या संघाचे नाव कोरले जाण्यास १९३७ साल उजाडावे लागले. पण या कारणांइतकेच महत्त्वाचे, आणि सहसा दुर्लक्षिले जाणारे, कारण स्पर्धेच्या पद्धतीत आहे. त्यांनी लीग निवडली. आपल्या वाट्याला चषक आला, आणि राज्यकर्ते गेल्यावरही आपण चषकच कवटाळून बसलो.

हा फरक केवळ शब्दांचा नाही, तो अंकगणिताचा आहे. सोळा संघांची बाद पद्धतीची स्पर्धा घेतली तर एकूण सामने होतात पंधरा, आणि त्यांपैकी आठ संघ अवघा एक सामना खेळून घरी जातात. त्याच सोळा संघांची एकेरी साखळी घेतली तर सामने होतात एकशे वीस, आणि अगदी तळाच्या संघालाही पंधरा सामने मिळतात. चषक हा बलवानाला आणखी सामने देतो आणि दुबळ्याला खेळातून बाहेर काढतो. साखळी दुबळ्याला शिकण्याची संधी देते. शाळेत एकदा नापास झालेल्या मुलाला वर्षभर वर्गात बसू द्यायचे नाही, असा नियम कोणी केला तर आपण त्यास वेडगळ म्हणू. खेळाच्या मैदानावर मात्र तोच नियम आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळीत आहोत.

दक्षिण अमेरिकेची शिडी

१९१६ साली अर्जेंटिनाच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त ब्युनोस आयर्समध्ये अर्जेंटिना, उरुग्वे, ब्राझील आणि चिली या चार देशांची स्पर्धा भरली. ती चालू असतानाच, ९ जुलै रोजी, उरुग्वेच्या एक्तोर रिवादाविया गोमेस यांच्या पुढाकाराने दक्षिण अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाचा पाया घातला गेला. युरोपमध्ये तेव्हा महायुद्ध धुमसत होते आणि तेथील खंडीय महासंघ स्थापन व्हायला १९५४ साल यावे लागले. म्हणजे ज्यांना आपण ‘मागासलेले देश’ या सदरात घालतो, त्यांनी या बाबतीत युरोपला अडतीस वर्षे मागे टाकले.

पुढे कोपा अमेरिका या नावाने प्रसिद्धीस आलेल्या या स्पर्धेचे वैशिष्ट्य असे की, १९१६ पासून १९६७ पर्यंत तिचा विजेता साखळी पद्धतीनेच ठरत असे. गुण समान झाले तरच निर्णायक सामना होई. नाव चषकाचे, पण पद्धत साखळीची. १९७५, १९७९ आणि १९८३ या तीन वेळा तर यजमान देशच नव्हता. सामने परस्परांच्या भूमीवर झाले. १९८७ पासून पुन्हा एक यजमान ठरू लागला आणि १९९३ पासून बाहेरच्या देशांना निमंत्रण देण्याची प्रथा पडली. क्लबांसाठीची कोपा लिबर्टाडोरेस १९६० साली सुरू झाली आणि माँटेव्हिडिओचा पेन्यारोल क्लब तिचा पहिला विजेता ठरला.

सर्वांत बोधप्रद आहे ती विश्वचषकाच्या पात्रता फेरीची कथा. पूर्वी या खंडातील देश लहान लहान गटांत विभागले जात आणि दुबळे देश चार-सहा सामन्यांत बाद होत. १९९८ च्या विश्वचषकासाठी, म्हणजे १९९६ पासून, सर्व देशांची एकच साखळी सुरू झाली. दहाही देश खेळतात तेव्हा प्रत्येकाला घरी नऊ आणि बाहेर नऊ असे अठरा सामने मिळतात. वरवर पाहता हा ब्राझील आणि अर्जेंटिना यांचा फायदा. प्रत्यक्षात मोठा लाभ झाला तो लहानांचा. इक्वेडोर किंवा व्हेनेझुएला यांच्याशीही ब्राझीलला त्यांच्या घरी जाऊन खेळावे लागू लागले. त्या सामन्याचे तिकीट विकले गेले, प्रक्षेपणाचे हक्क विकले गेले, आणि पुढील दोन-तीन वर्षांत अमुक इतके सामने होणारच या खात्रीवर लहान देशांच्या संघटनांना प्रशिक्षण आणि बालसंघ यांवर खर्च करणे शक्य झाले. इक्वेडोरने २००२ साली प्रथमच विश्वचषक गाठला, हा काही चमत्कार नव्हता. उत्पन्नाची निश्चिती असेल तरच गुंतवणूक होते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवावे लागते.

ब्राझीलसारख्या अवाढव्य देशाने शिडी खालून वर बांधली, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. साओ पाउलोची प्रांतिक स्पर्धा १९०२ साली सुरू झाली, रिओची १९०६ साली; राष्ट्रीय साखळी मात्र १९७१ साली आली. आधी गाव, मग प्रांत, मग देश. उरुग्वेची लोकसंख्या आज सुमारे पस्तीस लाख आहे. पालघर वेगळा होण्यापूर्वीच्या आपल्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत एक कोटी दहा लाखांवर होती. म्हणजे जुन्या ठाणे जिल्ह्यात तीन उरुग्वे सहज मावतील. त्या एका उरुग्वेने दोनदा विश्वचषक आणि पंधरा वेळा कोपा अमेरिका जिंकली आहे. एवढ्या माणसांत प्रतिभाच नाही, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

आपल्या घरातील उदाहरण

या शिडीची पहिली पायरी महाराष्ट्रात कोठेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती कोल्हापुरात आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी ही नावे ज्याने ऐकली आहेत त्याला हे सांगावे लागणार नाही. कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या तालमींनी फुटबॉल आपलासा केला आणि पेठ हीच संघाची निष्ठा झाली. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची वरिष्ठ गटाची साखळी शाहू स्टेडियमवर चालते. सोळा संघ, ठरलेला हंगाम, तिकीट काढून येणारे हजारो प्रेक्षक. ब्युनोस आयर्समधील बोका ज्युनिअर्स किंवा रिव्हर प्लेट हे क्लब आजही सभासदांचे आहेत. सभासद वर्गणी भरतात आणि मतदानाने अध्यक्ष निवडतात. कोल्हापूरची तालीम याच जातकुळीची आहे. तिची मालकी एखाद्या शेठजीकडे नाही, ती पेठेची आहे. विश्वचषकाच्या काळात कोल्हापुरात मेस्सी आणि नेमार यांचे उंच उंच फलक लागतात त्याची चेष्टा करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की, अर्जेंटिना आणि ब्राझील यांच्याशी नाते सांगण्याचा थोडाफार अधिकार या राज्यात कोणाला असेल तर तो याच शहराला आहे.

तथापि कोल्हापूरची कोंडी अशी की, ही शिडी एकाच पायरीची आहे. पेठेत पहिला आलेला संघ पुढे कोठे जाणार? त्याला सांगली, सोलापूर, नाशिक किंवा ठाण्याच्या विजेत्याशी वर्षभर झुंजविणारी, सर्वांच्या परिचयाची आणि अखंड चाललेली राज्य साखळी आपण रुजवू शकलेलो नाही. त्यामुळे सारी ऊर्मी शहरातल्या शहरात फिरत राहते, शेजारच्या पेठेचा द्वेष हीच महत्त्वाकांक्षेची सीमा ठरते आणि कधीकधी ती ऊर्मी प्रेक्षागृहातील हाणामारीत वाहून जाते. वरचा मार्ग बंद असला की पाणी तुंबते आणि कुजते.

मुंबईची कथा वेगळी आणि अधिक खेदजनक आहे. येथे संघ होते ते गिरण्या, बँका, रेल्वे आणि कंपन्या यांचे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा टाटा आणि कॅल्टेक्स यांच्या संघांतून खेळला. खेळाडूला नोकरी मिळे, कंपनीला नाव मिळे. हा सौदा वाईट नव्हता. पण त्यात क्लब हा ताळेबंदातील खर्चाची बाब होता आणि खर्चाची बाब कापण्यास एका बैठकीचा ठराव पुरतो. गिरण्या बंद पडल्या, कंपन्यांची धोरणे बदलली. २००५-०६ साली राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड २०१० साली विसर्जित झाला. त्याआधीच, २०००-०१ नंतर, रोव्हर्स चषकही बंद पडला. हैदराबाद पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकलेली, कूपरेजच्या मैदानाला देशाच्या नकाशावर नेणारी ती स्पर्धा एका पिढीच्या डोळ्यांदेखत संपली आणि तिच्यासाठी कोणी चार अश्रूही ढाळले नाहीत.

वरून टांगलेली शिडी

या पोकळीत आपण काय उभारले? ब्राझीलच्या नेमके उलट. राष्ट्रीय लीग १९९६ साली प्रथम आली, जिल्ह्याजिल्ह्यांच्या साखळ्या मात्र आहेत तशाच राहिल्या. २०१४ साली इंडियन सुपर लीग आली. तिच्यात प्रवेश होता तो पैसे भरून, खालून जिंकत येऊन नव्हे. खालच्या लीगमधून वर येण्याचा मार्ग २०२३ साली प्रथम उघडला. दरम्यान २०१६ साली गोव्याच्या धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या जुन्या क्लबांनी निषेध म्हणून आय-लीगमधून अंग काढून घेतले. २०१९ साली पुण्याच्या संघाची जागा हैदराबादला गेली. पाटाकडील तालीम उचलून हैदराबादला नेता येईल का, याचा विचार करून पाहावा, म्हणजे क्लब आणि परवाना यांतील भेद कळेल.

या साऱ्यावर कळस चढला तो २०२५ साली. भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० साली पंधरा वर्षांसाठी केलेल्या व्यापारी हक्कांच्या कराराची मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपत होती. नव्या कराराचा निर्णय वेळेत झाला नाही आणि देशातील सर्वोच्च साखळीचा हंगाम नेहमीच्या काळी सुरूच होऊ शकला नाही. एका कराराची मुदत संपते म्हणून देशाचा फुटबॉल थांबतो, याचा अर्थ एवढाच की ही शिडी जमिनीवर उभी नसून छताला टांगलेली आहे. दोर तुटला की सगळी शिडीच खाली येते.

दक्षिण अमेरिका म्हणजे नंदनवन आहे, असा माझा दावा नाही. २०१५ साली उघडकीस आलेल्या लाचखोरीत त्या महासंघाचे माजी आणि तत्कालीन अध्यक्ष गजाआड गेले. २०१८ साली लिबर्टाडोरेसच्या अंतिम सामन्याआधी रिव्हर प्लेटच्या समर्थकांनी बोकाच्या बसवर हल्ला केला आणि तो सामना अखेर स्पेनमध्ये, माद्रिद येथे खेळवावा लागला. मेस्सी स्वतः तेराव्या वर्षी उपचारांच्या खर्चापायी बार्सिलोनाला गेला. कच्चा माल निर्यात करणाऱ्या देशांचे दैव त्या खंडाच्या फुटबॉललाही चुकलेले नाही. परंतु भ्रष्ट अधिकारी आले आणि गेले, उत्तम खेळाडू विकले गेले, तरी रविवारचा सामना चुकला नाही, आणि म्हणूनच पुढचा खेळाडू घडत राहिला. व्यवस्थेची खरी कसोटी हीच की, ती वाईट माणसांच्या हाती पडल्यावरही काही प्रमाणात चालू राहते.

प्रश्न आपल्या पटांगणाचा

हे सर्व आपल्या दारापर्यंत आणून पाहू. वर्गातील एका विद्यार्थ्याला, जो उत्तम खेळतो असे त्याचे मित्र सांगतात, मी विचारले की गेल्या वर्षभरात तू किती सामने खेळलास. त्याने बोटांवर मोजून पाच सांगितले. त्यातील तीन भाड्याच्या टर्फवर, पाच-पाच जणांच्या एकदिवसीय चषकात. उरलेले दोन महाविद्यालयीन स्पर्धेत, आणि दुसऱ्यातच संघ बाद झाला. अकरा जणांच्या पूर्ण मैदानावरचे सामने म्हणजे वर्षातून दोन! ज्या वयात त्याला तीस-चाळीस सामने मिळायला हवेत त्या वयाची ही कमाई. टर्फचे भाडे तासावर असते. ज्याच्या खिशात पैसा आहे तो खेळतो, ज्याच्या खिशात नाही तो जाळीबाहेर उभा राहून पाहतो. मेस्सीच्या समारंभाचे तिकीट परवडणाऱ्यांचा आणि या जाळीबाहेरच्या मुलांचा फुटबॉल एकच आहे, असे म्हणणे ही स्वतःचीच फसवणूक होय.

कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, डोंबिवली हा सारा एका रेल्वेमार्गाने जोडलेला मुलूख आहे. प्रत्येक संघाने बाहेरचा सामना खेळायला लोकलने पंधरा-वीस मिनिटे जावे, एवढेच काय ते अंतर. साखळी स्पर्धेसाठी याहून सोयीचा भूगोल शोधून सापडणार नाही. ब्राझीलमध्ये हजारो मैल प्रवासाची अडचण होती; आपल्याला तीही सबब नाही.

पैशाची सबब पुढे केली जाईल. पण हिशेब करून पाहावा. चषकाच्या स्पर्धेत मोठा खर्च होतो तो मंडप, ध्वनिक्षेपक, पाहुण्यांचे सत्कार, रोख बक्षीस आणि ज्यांच्या नावे चषक आहे त्यांचे फलक यांवर. साखळीला लागतात ते एक मैदान, थोडा चुना, दोन चेंडू, एक पंच आणि गुणतक्ता लिहिणारा एक प्रामाणिक माणूस. सत्कार एका दिवसाचा असतो म्हणून त्याला आश्रयदाते मिळतात; गुणतक्ता आठ महिने लिहावा लागतो म्हणून त्याला कोणी मिळत नाही. खरी टंचाई आहे ती सातत्याची, आणि तिचा पुरवठा अर्थसंकल्पातील तरतुदीने होत नाही.

करावयाच्या गोष्टी मोजक्या आहेत. महापालिकांनी आणि नगरपालिकांनी आपल्या अखत्यारीतील एकेक मैदान आठवड्यातून दोन दिवस फक्त साखळी सामन्यांसाठी राखून ठेवावे आणि त्या दिवशी ते सभा, प्रदर्शन किंवा लग्न यांपैकी कशासाठीही देऊ नये. पहिल्या वर्षी जेवढे संघ येतील तेवढ्यांच्या दोन श्रेणी कराव्यात. वरचे दोन चढतील आणि खालचे दोन उतरतील, हा नियम कोणाच्याही शिफारशीने मोडला जाऊ नये. वयोगटांच्या साखळ्या शाळांनी चालवाव्यात. आणि जिल्ह्याजिल्ह्यांचे विजेते राज्य साखळीत आपोआप दाखल होतील अशी तजवीज राज्य संघटनेने करावी. यात नवीन शोध काहीच नाही. शंभर वर्षांपूर्वी रोसारिओच्या रेल्वे कामगारांना जे जमले ते आपल्या शिक्षकांना आणि कारकुनांना जमणार नाही, असे मानण्यास आधार नाही. गणेशोत्सवाची वर्गणी, हिशेब आणि कार्यक्रमपत्रिका बिनचूक सांभाळणारी माणसे आपल्या प्रत्येक चाळीत आहेत.

१५ सप्टेंबर २०१७ रोजी, सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या निमित्ताने, राज्य शासनाने शाळाशाळांना चेंडू वाटून लक्षावधी मुलांना एकाच दिवशी मैदानावर उतरविले. त्या स्पर्धेच्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता आणि काही सामने नवी मुंबईत झाले. उपक्रम चांगला होता. पण १६ सप्टेंबरला कोणाचा सामना कोणाशी आहे, हे त्या मुलांना कोणी सांगितले नव्हते. चेंडू वर्षा-दोन वर्षांत फाटतात. मुले मोठी होतात. मेस्सीही आला तसा निघून गेला.

पुढच्या रविवारी कोणाचा सामना कोणाशी, किती वाजता आणि कोणत्या मैदानावर, हे लिहिलेला एक साधा कागद विठ्ठलवाडीच्या एखाद्या शाळेच्या फळ्यावर वर्षभर लागत राहिला, तर ते या राज्याच्या फुटबॉलला वानखेडेवरील त्या सोहळ्याहून अधिक उपकारक ठरेल.